रानमोडी नेमकी केव्हा काढावी: उद्यानातील नैसर्गिक भागाच्या कामाविषयी

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. फोंड्याजवळ आपल्या वसाहतीला लागून एक सार्वजनिक उद्यान आहे, त्याच्या मागच्या अंगाचा सुमारे दोन एकरांचा उतार ‘नैसर्गिक भाग’ म्हणून राखलेला आहे आणि यंदापासून त्याची देखभाल रहिवासी समितीकडे आली आहे. आजवर दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे ठेकेदाराची माणसे येऊन यंत्राने सगळे रान जमिनीसरशी कापून जात. महिनाभर जागा मोकळी दिसे आणि पुढच्या पावसाळ्यात रान पहिल्यापेक्षा दाट होऊन येई. सापांच्या भीतीने काही रहिवासी तर सगळे उपटून तिथे हिरवळ लावा असे म्हणू लागले आहेत. तेव्हा कापणी वर्षातून एकदा करावी की दोनदा, आणि तिला किती माणसे लागतील, एवढे आपण विचारले आहे.

गोव्यातील उद्यानांच्या अशाच राखीव कोपऱ्यांची देखभाल करण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत; पहिली काही वर्षे स्वतः कोयता घेऊन आणि पुढे माणसांकडून काम करवून घेत. त्या अनुभवावरून सांगतो, एकदा की दोनदा हा प्रश्न नंतरचा आहे. खरी अडचण अशी आहे की एकाच दिवशी, एकाच यंत्राने, एकाच उंचीवर सगळे कापले जाते. आणि त्या उतारावर ज्या वनस्पती आहेत, त्यांतल्या प्रत्येकीचे फुलण्याचे, बी धरण्याचे आणि सुकण्याचे दिवस निराळे आहेत. किती कापावे याच्या आधी केव्हा आणि काय काढावे हे ठरले, तर कापण्याचे काम दरवर्षी कमी होत जाते. ते ठरले नाही, तर वर्षातून चार वेळा कापूनही रान हटत नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत जे कमरेच्या वर वाढलेले, त्रिकोणी पानांचे झुडूप सगळीकडे दिसते, ती रानमोडी आहे. पान चुरडले की उग्र वास येतो आणि देठापाशी तीन ठळक शिरा फुटलेल्या दिसतात, एवढ्या दोन खुणा ओळखायला पुरेशा आहेत. ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. आपल्याकडे ती पावसाळाभर वाढते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिकट पांढऱ्या-जांभळट फुलांनी भरते, जानेवारी-फेब्रुवारीत तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते आणि उन्हाळ्यात वरच्या काड्या वाळून जळणासारख्या उभ्या राहतात. बुडखा मात्र जिवंत असतो आणि पहिल्या पावसाबरोबर त्याला चार-पाच नवे फुटवे येतात. म्हणजे दिवाळीला ती कापली, तर जमिनीत ओल असल्यामुळे ती पुन्हा फुटते आणि बुटकी राहूनही फुलते. डिसेंबर-जानेवारीत कापली, तर कापणारा माणूस अंगावर, पोत्यावर आणि टेंपोत तिचे बी घेऊन उद्यानभर फिरतो. शिवाय सगळे रान एकदम कापल्यामुळे जमिनीवर ऊन पडते, आणि उघड्या, उन्हाच्या जमिनीवर तिचे बी जसे रुजते तसे सावलीत रुजत नाही. आपले रान दरवर्षी दाट का होते, याचे उत्तर मुख्यतः एवढेच आहे.

उलट त्याच उतारावर जे गवत आहे, त्याचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकते आणि नोव्हेंबरपर्यंत झडते. ते बी पडण्याआधी यंत्र फिरले, की गवत दरवर्षी विरळ होते आणि त्याची जागा रानमोडी घेते. म्हणून मी माझ्या माणसांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहे: जे राहायला हवे ते बी पडल्यावर कापा, जे जायला हवे ते फुलण्याआधी काढा. आपल्याकडे चालत आलेली दिवाळीची कापणी यांतली एकही गोष्ट साधत नाही.

रानमोडीसाठी खरा हंगाम जुलै ते सप्टेंबर हा आहे, आणि त्याचे कारण माती. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने जांभ्याची जमीन दगडासारखी असते. जानेवारीत याच झुडपाला हात घातला तर काडी हातात येते आणि बुडखा जमिनीतच राहतो. जुलैत, दोन-तीन दिवस झड लागून थोडी उघडीप मिळाली, की माणूस खाली वाकून सगळ्या काड्या बुडाशी एका मुठीत धरतो, किंचित पिळा देतो आणि सरळ वर ओढतो. आत काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज येतो आणि नारळाच्या शेंडीसारख्या तंतुमय मुळ्यांसकट बुडखा बाहेर येतो. मुळांची माती तिथेच झाडायची, खड्ड्यावर पाय देऊन जमीन दाबायची आणि उपटलेले झुडूप मुळे वर करून जवळच्या फांदीच्या बेचक्यात अडकवून ठेवायचे. ओल्या जमिनीवर आडवे टाकले तर पावसात ते पुन्हा मूळ धरते. जुना, मनगटाएवढा बुडखा हाताने येत नाही. त्याला कुदळीचा एक घाव बाजूने घालून उचकटावे लागते.

याबाबतीत माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या एका वर्षी मी डिसेंबरच्या अखेरीस बरीच रानमोडी कापून घेतली आणि वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी उताराच्या मध्यावर तिचे सात-आठ ढीग घातले. फुले सुकल्यासारखी दिसत होती, म्हणून धोका नाही असे मी धरून चाललो. पुढच्या जूनमध्ये प्रत्येक ढिगाच्या भोवती अक्षरशः लावणी केल्यासारखी रोपे उगवली आणि तो भाग ताळ्यावर आणायला मला तीन पावसाळे लागले. फूल आलेले झुडूप कापायची वेळ आलीच, तर ते तिथेच पोत्यात भरावे. ढीग घालू नये.

घाणेरीचे, म्हणजे टणटणीचे (लँटाना), तंत्र थोडे वेगळे आहे. तिचे फुटवे मुळाच्या अगदी वरच्या भागातून, जमिनीच्या पातळीलगत येतात. त्यामुळे जमिनीवर कापून उपयोग नसतो आणि सगळे मूळ खणून काढण्याचीही गरज नसते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलेली पद्धत अशी की मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर छाटायचे आणि झुडूप उलटे करून वाळत ठेवायचे. आम्ही ती गेली कित्येक वर्षे वापरतो. खणल्याने माती सैल होऊन नवे बी उगवण्याचा धोकाही त्यात टळतो.

छायाचित्रांत कुंपणाच्या कडेने पिवळ्या फुलांची जी हिरवीगार वेल पसरलेली दिसते, ती वेडेलिया आहे. ती बहुधा उद्यानाच्या शोभेच्या वाफ्यातूनच मागे सरकली असावी. तिच्यावर यंत्र चालवू नका. तिचा प्रत्येक तुटलेला कांडा मूळ धरतो, त्यामुळे यंत्र तिची लागवडच करते. ती कडेपासून चटईसारखी गुंडाळत आणावी आणि कडक उन्हात किंवा काळ्या प्लास्टिकखाली पूर्ण वाळवावी.

आपल्या उताराच्या माथ्यावर ऑस्ट्रेलियन अकेशियाची काही मोठी झाडे आहेत. त्यांच्याखाली फारसे काही उगवत नाही ही तक्रार खरी आहे, पण त्यांना हात लावण्याची घाई करू नका. गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर ज्याचे खोड पाच सेंटिमीटर किंवा अधिक जाड आहे आणि उंची एक मीटरहून कमी नाही, ते झाड तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग ते देशी असो वा परदेशी. ती मिळाली तरी एका वर्षात एक-दोनच झाडे काढावीत, कारण एकदम ऊन पडले की खाली पुन्हा रानमोडीच येते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याविषयी. माथ्यावर उघडा जांभा खडक, म्हणजे सडा, असेल आणि पावसाळ्यात तिथे बोटभर पाणी साचत असेल, तर वर सांगितलेले काहीही त्या तुकड्याला लागू नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे गुडघे टेकून पाहा. गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि नशिबाने दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची चिकट पाने दिसतील. मे महिन्यात हाच तुकडा ओसाड दिसतो, आणि नेमके तेव्हाच कुणाला तरी तिथे चार ट्रक माती टाकून झाडे लावण्याची कल्पना सुचते. उद्यानांत मी पाहिलेल्या सगळ्या नुकसानांत हे मला सर्वांत मोठे वाटते, कारण ते चांगल्या हेतूने होते आणि पुन्हा भरून येत नाही. सड्यावर माती टाकू नये, खड्डे मारू नयेत, आणि पावसाळ्यात तिथून पायवाटही नेऊ नये.

दुसरी गोष्ट रोपांची. त्या रानमोडीच्या आत आपोआप उगवलेली देशी रोपे असणारच. आपल्या भागात किंदळ, माट्टी, जांभूळ, कुंभा आणि करवंद ही हमखास सापडतात. माट्टी तर गोव्याचा राज्यवृक्ष आहे आणि तिचे हातभर रोप रानमोडीच्या सावलीत वर्षानुवर्षे जीव धरून उभे असते. यंत्राच्या नायलॉन दोरीला ते दिसत नाही. दोरी खोडाला नुसती चाटून गेली तरी बुडाशी कोवळी साल गोलाकार सोलली जाते, रोप महिनाभर हिरवे दिसते आणि मग उभ्या उभ्या वाळते. बोटाने पाहिले तर बुडाशी बांगडीएवढी उघडी पांढरी पट्टी लागते. म्हणून कोणतेही काम सुरू करण्याआधी एक माणूस फक्त रोपे शोधत फिरला पाहिजे आणि प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला पांढऱ्या पोत्याची पट्टी बांधली पाहिजे. पट्टीभोवती हातभर अंतरात यंत्र चालवायचे नाही, तिथे विळाच वापरायचा. आपण खर्चाने विकत आणून लावलेल्या रोपांपेक्षा ही रोपे फार चिवट असतात. त्यांना पाणीही घालावे लागत नाही. म्हणूनच वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाविषयी मी फारसे लिहीत नाही. जिथे खरोखर रिकामी जागा आहे तिथेच लावा, खड्डे उन्हाळ्यात मारून ठेवा, आणि जमीन पुरती भिजल्यावर, जुलैच्या मध्याच्या आत लावणी उरका.

सापांची भीती मी हलकी मानत नाही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही गोव्यात आहेत. पण उद्यानात साप येतो तो मुख्यतः उंदराच्या मागे, आणि उंदीर येतो तो खाण्याच्या उरल्यासुरल्यामागे. वाटेच्या कडेला कापलेल्या पाचोळ्याचे ढीग आणि उघड्या कचराकुंड्या असतील, तर हिरवळ लावूनही साप दिसतील. आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दोन मीटरची पट्टी वर्षभर आखूड ठेवतो, त्यापलीकडे गुडघाभर आणि मग आतले रान तसेच, अशा पायऱ्या करतो. चालणाऱ्याला पाय कुठे पडतो आहे ते दिसते आणि आतल्या प्राण्यांनाही वाटेवर येण्याचे कारण राहत नाही. साप दिसला तर वन खात्याला कळवावे. त्याला मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही फलकावर लिहून ठेवावे.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळाफुलांसाठी, लोक आत येतील. माट्टीची फळे, कवंडळ, घागऱ्या यांच्या शोधात येणाऱ्या वयस्क मंडळींना अडवू नका, उलट त्यांच्याबरोबर फिरा. आमच्या एका उद्यानात काय कुठे उगवते याची पहिली खरी यादी मला अशाच एका आजींकडून मिळाली होती. मात्र चवथीच्या आधीच्या दोन आठवड्यांत सरसकट साफसफाई करू नये, हे त्या निमित्ताने ठरवून घ्या. तसेच वारुळे सपाट करू नका. जुलैत ज्या अळम्यांसाठी, म्हणजे रानातल्या भूछत्रांसाठी, लोक बाजारात एवढे पैसे मोजतात, ती त्या वाळवीच्या वारुळावरच उगवतात.

जानेवारीनंतर कामाचे स्वरूप बदलते आणि आग हा मुख्य विषय होतो. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर किती दिवस आगी धुमसत होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उद्यानातील आग लहान असते, पण ती बहुधा कुंपणाशी कुणीतरी पाला पेटवल्यामुळे किंवा विडीचे थोटूक फेकल्यामुळेच लागते. म्हणून जानेवारीत कुंपणाच्या आतून तीन मीटरची पट्टी वाळलेले गवत आणि काड्या काढून मोकळी करावी. झाडांखालचा पातेरा मात्र आतल्या भागात तसाच राहू द्यावा. तो मातीची ओल धरतो, आणि मेच्या अखेरीस दिसणाऱ्या काजव्यांच्या अळ्या त्यातच वाढतात. सगळा पातेरा झाडून जाळणारे उद्यान काही वर्षांत काजवे गमावते, हे मी स्वतः पाहिले आहे. मे महिन्यात वाटेवर येणाऱ्या वाळक्या फांद्या, आधी घरटी तपासून, काढाव्यात आणि उतारावरचे चर व गटारे साफ करावीत. पहिला मोठा पाऊस तुंबला तर वाट एका रात्रीत वाहून जाते.

काम करणाऱ्यांच्या प्रकृतीकडे समित्यांचे सहसा लक्ष नसते, म्हणून आवर्जून लिहितो. पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय कुणालाही चिखलात उतरवू नये. लेप्टोस्पायरोसिस या तापाचा संसर्ग साचलेल्या पाण्यातून पायाच्या लहानशा जखमेवाटेही होतो. ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे काम करतो हे सांगावे. उन्हाळ्यात, विशेषतः जंगलाला लागून असलेल्या आणि माकडांचा वावर असलेल्या जागी, गोचिडांपासून जपावे. त्यांच्यामार्फत पसरणारा माकडताप कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७मध्ये ओळखला गेला आणि २०१५पासून आपल्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, कामानंतर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात धुणे, एवढे पाळावे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवावे.

आता माणसांचा हिशेब. माझ्या अनुभवात, ओल्या जमिनीत चार सवयीची माणसे दिवसाला सुमारे एक हजार चौरस मीटर दाट रानमोडी मुळासकट काढतात; चढ फार असेल तर कमी. आपले दोन एकर म्हणजे आठ हजार चौरस मीटर, तेव्हा सगळे दाट आहे असे धरले तर आठ-नऊ दिवसांचे काम झाले. दुसऱ्या वर्षी बीपासून उगवलेली रोपे काढायला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो, पण ते वर्ष चुकवले तर पहिले वर्ष वाया जाते. मात्र हे काम चौरस मीटरच्या दराने देऊ नका. क्षेत्रफळावर पैसे मिळणारा माणूस सगळे सपाट करणारच, त्यात त्याचा दोष नाही. किती रोपे वाचवली याचे पैसे त्याला कुणी देत नसते. रोजंदारीवर तीच तीच माणसे ठेवा, शक्यतो वर्षाकाठी चार वेळा, प्रत्येक वेळी थोडे दिवस. माझ्याकडची एक बाई पहिल्या वर्षी किंदळ आणि रानमोडी यांत फरक करू शकत नव्हती. तिसऱ्या वर्षी ती मला माट्टीची रोपे दाखवू लागली. ही ओळख ठेक्यावर दरवर्षी बदलणाऱ्या माणसांत येत नाही, आणि माझ्या मते आपल्या समितीने पैसा खर्च करावा तो यंत्रावर नव्हे, या ओळखीवर.

आपण ऑगस्टच्या अखेरीस विचारले हे बरे झाले, जमीन अजून महिनाभर ओली राहील. पहिल्या रविवारी फक्त पट्ट्या बांधून घ्या. त्यानंतर सर्वांत दाट भागात शिरू नका. जिथे गवत आणि रोपे बरी आहेत आणि रानमोडी तुरळक आहे, त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दाट भागाकडे सरका, म्हणजे जेवढे साफ होईल तेवढ्याला आजूबाजूचे चांगले रान लगेच भरून काढील. पाऊस ओसरल्यावर जमीन घट्ट होऊ लागली आणि काडी तुटून हातात येऊ लागली, की उपटणे त्या दिवशी थांबवा. तोपर्यंत जो भाग उरेल, त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कळ्या दिसताच, विळ्याने फक्त शेंडे छाटा, दोन-तीन आठवड्यांनी नव्या कळ्यांसाठी पुन्हा एकदा फिरा आणि छाटलेले पोत्यात भरून बाहेर न्या. त्या बुडख्यांचे काम पुढच्या जुलैत करता येईल.